वडिलांनी जपलेल्या सीलबंद विदेशी बाटल्या: किंमत कशी काढायची, विकता येतात का?

माधवी_ठाणे

माझे वडील मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. सत्तरच्या दशकात बोटीवर लागले आणि नव्वदच्या दशकात निवृत्त झाले. प्रत्येक काँट्रॅक्ट संपवून घरी येताना ते एखादी बाटली आणायचे. स्वतः फारसे घेत नसत. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवायचे आणि पाहुणे आले की इथलीच एखादी उघडायचे. गेल्या वर्षी ते गेले. आता ठाण्याचं घर पुनर्विकासाला जाणार आहे, त्यामुळे कपाट रिकामं करावंच लागेल.

आत्तापर्यंत बाहेर काढलेल्या अशा: जॉनी वॉकर ब्लॅक लेबलच्या काही (काही लहान, काही एक लिटरच्या), व्हॅट ६९, शिवास रीगल खोक्यासकट, रॉयल सॅल्यूटचे निळे चिनी मातीचे बुधले मखमली पिशवीत, तीन बाजू दाबलेली डिंपल, हेनेसी एक्सओ कोन्याक, बेलीज, गवतात गुंडाळलेली इटालियन रेड वाईन आणि एक अमेरिकन, ओल्ड फिट्झगेराल्ड नावाची. सगळ्यांची सील शाबूत आहेत.

नात्यातले एक काका म्हणतात की हा लाखोंचा माल आहे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने 'सगळं मिळून' म्हणून एक रोख रक्कम सांगितली, ती फारच कमी वाटली. भाऊ वर्ध्याला असतो, तो म्हणतो की सध्या माझ्याकडे आणून ठेव. आईला एवढंच वाटतं की बाबांनी इतकी वर्षं सांभाळलेलं मोरीत ओतलं जाऊ नये. ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ग्लासगोकर

माधवीताई, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी स्कॉटलंडमध्ये राहतो. इथल्या व्हिस्की लिलावांवर माझं बरीच वर्षं लक्ष आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

व्हिस्की बाटलीत गेली की तिचं वय थांबतं. ती मुरते ती लाकडी पिंपात. १२ वर्षांची व्हिस्की १९८० साली बाटलीत भरली असेल तर आजही ती १२ वर्षांचीच, पन्नाशी उलटलेली नव्हे. त्यामुळे 'जितकी जुनी तितकी भारी' हा हिशोब इथे चालत नाही. जुन्या बाटलीला भाव येतो तो दुर्मिळपणाचा: ती डिस्टिलरी बंद पडली असेल, तेव्हाची बनवण्याची पद्धत आज राहिली नसेल, किंवा मुळातच बाटल्या मोजक्या निघाल्या असतील. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात मॅकॅलन १९२६ची एक बाटली सुमारे २२ लाख पौंडांना गेली. ती ज्या पिंपातली होती, त्या २६३ क्रमांकाच्या पिंपातून १९८६ साली फक्त ४० बाटल्या भरल्या गेल्या. अशा बातम्या वाचून घराघरांत अपेक्षा वाढतात. पण ब्लॅक लेबल, शिवास, व्हॅट ६९ या ब्लेंडेड (अनेक व्हिस्की मिसळून केलेल्या) व्हिस्की तेव्हाही जगभर लाखोंनी विकल्या जात होत्या आणि तुमच्या वडिलांसारख्या हजारो खलाशांनी त्या घरी नेऊन ठेवल्या. इथल्या लिलावांत सत्तर-ऐंशीच्या दशकातली ब्लॅक लेबल दर महिन्याला येते आणि बहुतेक वेळा दोन आकडी पौंडांत जाते, फार तर शंभराच्या थोडी वर. त्यातून विकणाऱ्याचं कमिशनही कापलं जातं.

किंमत काढण्याआधी प्रत्येक बाटली कधीची आहे ते ठरवा. लेबल नीट वाचलं की बहुतेक उत्तर मिळतं. ब्रिटिश बाटलीवर '७०° प्रूफ' आणि '२६ २/३ फ्लुइड औंस' असं असेल तर ती १९८० पूर्वीची, कारण त्यानंतर इथे टक्के आणि ७५ सेंटिलिटर लिहायला लागले. ७० अंश प्रूफ म्हणजे आजचे ४० टक्के. युरोपात ७५चे ७० सेंटिलिटर झाले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. एक लिटर आणि ४३ टक्के असेल तर ती जवळपास नक्कीच ड्यूटी फ्रीची. अमेरिकेत विकलेल्या बाटलीवर सरकारी आरोग्य इशारा असेल तर ती १९८९च्या अखेरीनंतरची. बारकोड आहे का तेही बघा. नसेल तर ती बहुधा ऐंशीच्या दशकाच्या मध्याआधीची.

मग पातळी. बाटली उजेडासमोर उभी धरा. द्रव मानेत असेल तर उत्तम. खांद्याच्या वरच्या भागात असेल तर चालेल. खांद्याच्या खाली गेला असेल तर किंमत झपाट्याने पडते, कारण बुचातून हवा आत-बाहेर झालेली असते आणि चवही गेलेली असू शकते. ठाण्याच्या उकाड्यात हे खूप होतं. रॉयल सॅल्यूटच्या बुधल्यांतून आतलं दिसत नाही, म्हणून ते वजनकाट्यावर ठेवा. एक हलका निघाला तर समजा उडाली.

बाटल्या आडव्या ठेवल्या असतील तर आजच उभ्या करा. वाईन आडवी ठेवतात, व्हिस्की आणि कोन्याक कधीच नाही. तीव्र अल्कोहोल बूच खातं.

फोटो टाकता आले तर बघतो.

कट्ट्यावरचा

इतका विचार कशाला? व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या बाटल्या गोळा करणाऱ्यांचे ग्रुप आहेत. फोटो टाका, रोख घ्या, घरून घेऊन जातात. माझ्या ओळखीच्या दोघांनी केलंय. दुकानदाराला मात्र देऊ नका, तो लुटेल.

वकील_नेहा

वरचा सल्ला कृपया मानू नका, माधवीताई. मी मुंबईत वकिली करते, म्हणून स्पष्ट लिहिते.

महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे. आधी तो मुंबई दारूबंदी कायदा होता, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. वृत्तपत्रात 'कलम ६५ (ई) खाली गुन्हा' असं वाचतो तो हाच. परवान्याशिवाय दारू विकणं हा त्याखाली गुन्हा आहे, शिक्षा तुरुंगवास आणि दंड. बाटली वारशाने आली, सीलबंद आहे, एकच आहे, विकत घेणारा संग्राहक आहे, यातल्या कशानेही फरक पडत नाही. फेसबुक, ओएलएक्स, व्हॉट्सअ‍ॅप, सोसायटीचा ग्रुप, सगळीकडे तोच नियम. उलट तिथे फोटो आणि फोन नंबर टाकणं म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच लिहून देणं.

दुकानदाराबद्दल. वाईन शॉपला किरकोळ विक्रीचा परवाना असतो. तो माल परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडूनच घेऊ शकतो, त्यावर राज्याचं शुल्क भरलेलं असावं लागतं. घरातून आलेली जुनी बाटली त्याला कायदेशीरपणे घेता येत नाही. ज्याने रोख देऊ केली तो ती हिशोबाबाहेर घेणार. त्याने कमी सांगितले की जास्त, हा प्रश्नच गैरलागू आहे.

भावाला सांगा की वर्ध्याला काहीही नेऊ नका. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत संपूर्ण दारूबंदी आहे. सदिच्छेने ठेवायला नेलेल्या बाटल्यांवरून त्यांच्यावरच गुन्हा दाखल होईल.

आत्ता करायचं काम एकच. घरातल्या ज्या सज्ञान व्यक्तीच्या ताब्यात हे राहणार, तिच्या नावाने राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना काढा. विदेशी मद्य बाळगण्याचा आणि पिण्याचा परवाना एका वर्षाचा किंवा आजीवन मिळतो, अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क किरकोळ आहे. मद्यासाठी वयाची अट २५ वर्षं आहे. एका परवान्यावर किती साठा ठेवता येतो त्याला मर्यादा आहे, ती परवान्यावर बघा. बाटल्या मर्यादेपेक्षा जास्त भरत असतील तर आई आणि तुम्ही दोघींनी काढा. वडिलांचा मृत्यूचा दाखला, सीडीसी (खलाशाचं नोकरीचं नोंदपुस्तक) आणि असतील त्या कस्टम्सच्या पावत्या एका फायलीत ठेवा, म्हणजे हा घरगुती वारसा आहे हे दाखवता येईल.

फोंडेकार

काही जण तुम्हाला सांगतील की गोव्यात नेऊन विका, तिथे दारू मोकळी असते. गोव्यात दारू स्वस्त आहे हे खरं, पण विकायला परवाना आमच्याकडेही लागतो. १९६४चा अबकारी शुल्क कायदा आहे, आणि राज्याच्या सीमेवरून बाटल्या नेण्या-आणण्याचे वेगळे नियम आहेत.

आमच्याकडेही जुन्या घरांत बाटल्या सापडतात. पोर्तुगीज काळातली पोर्ट वाईन, आखातातून आलेली स्कॉच, काचेच्या मोठ्या गर्राफांवातली काजूची फेणी. फोंड्याला मॅकडॉवेल कंपनी सिंगल माल्टही गाळायची, तिची एखादी बाटली अजून कोणाकडे निघते. लोक किंमत विचारतात, मी त्यांना आधी बूच दाखवायला सांगतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत लेबलाला बुरशी लागते आणि बुचाचा भुगा होतो. बाटली कपाटात कापड गुंडाळून ठेवली असेल तर लेबल वाचतं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली असेल तर लेबल नक्की गेलेलं असतं.

बेलीज आणि ती वाईन मात्र ठेवू नका. बेलीजमध्ये दुधाची साय असते, ती बनवल्यापासून दोनेक वर्षांत संपवायची असते. गवतातली इटालियन म्हणजे कियांती, ती तरुणपणीच प्यायची वाईन. आपल्या हवेत तीस-चाळीस वर्षांनी तिचं काय झालं असेल ते उघडल्यावर वासानेच कळेल.

न्यूजर्सीकर

सगळे स्कॉचबद्दल बोलताहेत, मला त्या ओल्ड फिट्झगेराल्डबद्दल विचारायचं आहे. माधवीताई, झाकणावरून खाली आलेली कागदाची पट्टी आहे का? हिरवी की लाल? तिच्यावर काही साल छापलं आहे का? आणि लेबलावर अगदी बारीक अक्षरांत डीएसपी-केवाय आणि पुढे एक आकडा असेल (तो केंटकीतल्या डिस्टिलरीचा क्रमांक), तो काय आहे? बाटली पुसू नका, ओलं फडकं अजिबात लावू नका. भिंगाने वाचा.

माधवी_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. नेहाताई, भावाला लगेच फोन केला. त्याला वर्ध्याबद्दल माहीत होतं, पण बंद बाटलीला चालतं असा त्याचा समज होता. दुकानदारालाही नको म्हणून सांगितलं.

काल आईबरोबर बसून सगळं पाहिलं. कोणती बाटली कोणत्या बोटीवरून आली ते तिला आठवतंय, काहींबद्दल बाबांनी पत्रात लिहिलं होतं, ती पत्रं आहेत.

ब्लॅक लेबलच्या लहान बाटल्यांवर ७०° प्रूफ आणि औंस आहेत. एक लिटरवाल्यांवर ४३ टक्के. लहानांपैकी एकीची पातळी खांद्याच्या खाली आहे, बाकी मानेत. व्हॅट ६९ची पातळी बरीच खाली आहे. शिवास उत्तम. रॉयल सॅल्यूटचे दोन बुधले आहेत, दोघांच्या वजनात ३०० ग्रॅमहून जास्त फरक आला. हेनेसी आडवी पडली होती, बुचाजवळ चिकट झालंय.

न्यूजर्सीकर, पट्टी हिरवी आहे. तिच्यावर एका बाजूला १९६८, दुसरीकडे १९७५ आहे. लेबलावर डीएसपी-केवाय-१६. आकारमान ४/५ क्वार्ट. झाकण फिरकीचं आहे, पातळी अगदी मानेत. बाबा तेव्हा न्यू ऑर्लिन्सला जाणाऱ्या बोटीवर होते, असं आई सांगते.

न्यूजर्सीकर

ताई, तुमच्या कपाटातली सगळ्यात मोलाची बाटली तीच आहे.

हिरवी पट्टी म्हणजे 'बॉटल्ड इन बाँड'. १८९७ सालच्या अमेरिकन कायद्याने ही खूण ठरवली: एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, निदान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात मुरवलेली आणि बरोबर ५० टक्के तीव्रतेची. पट्टीवरचं पहिलं साल गाळल्याचं, दुसरं भरल्याचं. म्हणजे तुमच्या हातात जन्मतारखेसकट बाटली आहे, जे स्कॉचच्या ब्लेंडबद्दल जवळजवळ कधीच मिळत नाही. आणि केंटकीतला १६ क्रमांक म्हणजे लुईव्हिलची स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी. १९३५ साली सुरू झाली, १९९२ साली तिथलं गाळणं थांबलं. बर्बनमध्ये (तुमची बाटली या अमेरिकन व्हिस्कीचीच) मक्याबरोबर बहुतेक जण राय हे धान्य घालतात, हे लोक गहू घालायचे, म्हणून तिला एक मऊ गोडवा असतो. पॅपी व्हॅन विंकल हे बर्बनच्या दुनियेतलं मोठं नाव कोणी ऐकलं असेल, तर ही त्या व्हॅन विंकलचीच डिस्टिलरी. आज त्या काळातल्या सीलबंद बाटलीला इथे शेकडो डॉलर मिळतात, अशा पातळीच्या आणि लेबलाच्या बाटलीला तर नक्कीच.

पण मी स्वतः न्यूजर्सीत राहून अशी बाटली कोणाला विकू शकत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत खासगी व्यक्तीला दारू विकता येत नाही. केंटकीने २०१७ साली वेगळा कायदा केला, तो २०१८पासून लागू आहे. तिथले परवानाधारक दुकानदार खासगी माणसाकडून जुन्या सीलबंद बाटल्या घेऊ शकतात. ईबेने तर संग्रहाच्या बाटल्यांची विक्री २०१२ सालीच बंद केली. म्हणजे बाटली अमेरिकेत असती तरी वाट अरुंदच होती.

माधवी_ठाणे

माझा मावसभाऊ एडिनबराला असतो, दिवाळीला येणार आहे. त्याच्या सामानात दोन-तीन बाटल्या पाठवून तिथल्या लिलावात दिल्या तर? ते तरी कायदेशीर होईल ना?

ग्लासगोकर

हा प्रश्न येणार हे वाटलंच होतं, कारण कागदावर तो सोपा दिसतो. विमानात चेक-इन सामानात २४ ते ७० टक्के तीव्रतेचं मद्य माणशी ५ लिटरपर्यंत चालतं. ब्रिटनमध्ये येताना ४ लिटरपर्यंत स्पिरिट (व्हिस्कीसारखं तीव्र मद्य) शुल्काशिवाय आणता येतं. इथले लिलाववाले परवानाधारक असतात आणि खासगी माणसाची बाटली कायदेशीरपणे विकून देतात.

पण ती ४ लिटरची सवलत स्वतःच्या वापरासाठी किंवा भेट देण्यासाठी आहे. विकायच्या हेतूने आणलेली बाटली सवलतीत बसत नाही. ती सीमेवर जाहीर करून शुल्क आणि व्हॅट हा कर भरावा लागतो. मावसभावाने न सांगता आणली आणि तपासणीत निघाली तर बाटल्या जप्त होतील आणि त्रास त्याला होईल. पोस्ट आणि कुरिअर तर भारतातून खासगी माणसाचं मद्य घेतच नाहीत.

आता हिशोब मांडा. ब्लॅक लेबल आणि शिवास यांचं शुल्क, व्हॅट, लिलावाचं कमिशन वजा जाता हातात जवळपास काही उरणार नाही. कमी पातळीच्या व्हॅट ६९ला आणि हलक्या बुधल्याला तर कोणी बोलीही लावणार नाही. भरलेला रॉयल सॅल्यूट चांगला आहे, पण १९५३ साली राणीच्या राज्याभिषेकाला बाजारात आलेला हा ब्रँड तेव्हापासून अखंड निघतो आहे, त्यामुळे तोही दुर्मिळ नाही. उरते ओल्ड फिट्झगेराल्ड. एका बाटलीसाठी एवढी उठाठेव करावी असं मला वाटत नाही. वडिलांचं नाव आणि मावसभावाची नोकरी यांपुढे काहीशे डॉलर मोठे नाहीत.

आणखी एक. खरेपणा सिद्ध करणं आता फार कठीण झालं आहे. २०१८ साली स्कॉटलंडच्या प्रयोगशाळेत जुन्या, अतिमहाग म्हणवल्या जाणाऱ्या ५५ बाटल्यांची रेडिओकार्बन तपासणी झाली, त्यांतल्या २१ खोट्या निघाल्या. त्याच्या आदल्या वर्षी स्वित्झर्लंडच्या एका हॉटेलात १८७८ची मॅकॅलन म्हणून एका पेल्याला जवळपास दहा हजार फ्रँक घेतले गेले. ती १९७०च्या आसपासची ब्लेंड निघाली आणि हॉटेलने पैसे परत केले. तुमच्याकडे पत्रं आणि सीडीसी आहेत हे मोठं भाग्य. त्यांचे फोटो काढून ठेवाच.

कट्ट्यावरचा

नेहाताई, ग्लासगोकर, सगळं वाचलं. ओळखीच्या दोघांना हा धागा पाठवला आहे.

डोंबिवलीची_सुषमा

एक महत्त्वाचं राहिलं. बाटली रिकामी झाली की भंगारवाल्याला तशीच देऊ नका. महागड्या स्कॉचच्या रिकाम्या बाटल्यांना, त्यातही खोका आणि झाकण असेल तर, साध्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात. ते कशासाठी ते उघड आहे. त्यात स्वस्त दारू भरून, नवं सील बसवून त्या पुन्हा बाजारात येतात, आणि छाप्यांच्या बातम्यांत अशाच बाटल्या सापडतात. कोणाचा तरी जीव त्यात जाऊ शकतो. बाटली आठवण म्हणून ठेवायची असेल तर घरात ठेवा. द्यायची असेल तर लेबलावर ओरखडे मारा, झाकण वेगळं टाका, खोका फाडा. रॉयल सॅल्यूटचे बुधले तर फुलदाणी म्हणून छान दिसतात.

माधवी_ठाणे

आईशी बोलले. विकायचं नाही, हे आम्ही ठरवलं. दोघींचे परवान्याचे अर्ज भरले आहेत. बेलीज आणि कियांती काल ओतून दिल्या, आईची हरकत नव्हती. बाबांचे बोटीवरचे तीन सहकारी ठाण्या-मुंबईतच आहेत, एक तर त्याच न्यू ऑर्लिन्सच्या बोटीवर होते. परवाने आले की वर्षश्राद्धानंतर त्यांना घरी बोलावणार आहोत. ओल्ड फिट्झगेराल्ड त्या दिवशी उघडायची, असं आईनेच सुचवलं.

शेवटचा प्रश्न: इतक्या जुन्या बाटल्या उघडायच्या कशा? आणि पिणं सुरक्षित आहे ना?

ग्लासगोकर

आईंना माझा नमस्कार सांगा.

सील खरं असेल आणि बाटली स्वच्छ असेल तर पिणं सुरक्षित आहे. उघडण्याआधी उजेडात धरून गढूळपणा किंवा तरंगणारे कण आहेत का ते बघा. उघडल्यावर वास घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा बुरशीचा वास आला तर ती बाजूला ठेवा. ओल्ड फिट्झगेराल्डची पट्टी धारदार पात्याने झाकणाच्या कडेशी कापा, म्हणजे दोन्ही सालं शाबूत राहतील. पहिला घोट घेण्याआधी पेल्यात वीसेक मिनिटं उघडी ठेवा, जुन्या बाटलीतला कोंदटपणा निघून जातो.

हेनेसीवरचं धातूचं आवरण जुनं असेल तर त्यात शिसं असू शकतं. ते पूर्ण काढून बाटलीची कड ओल्या फडक्याने पुसा, मगच बूच काढा. ते तुटणारच असं धरून चाला. तुटलं तर उरलेलं आत ढकला, स्वच्छ मलमलीतून गाळा आणि दुसऱ्या काचेच्या बाटलीत भरा. रॉयल सॅल्यूटचंही तसंच, म्हणून एखाद्या नव्या बाटलीचं चांगलं बूच आधीच धुऊन जवळ ठेवा. गाळलेलं मद्य जुन्या क्रिस्टलच्या डिकँटरमध्ये ठेवू नका, त्यातूनही शिसं उतरतं. साधी काच घ्या, गरम पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या.